हात, किरण की टॉर्च? आभासी सफरीत वस्तू निवडायची कशी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगातच कितीतरी लहान प्राणी दाटीवाटीने कोरलेले. शाळेतल्या मुलांसाठी या कातळशिल्पाची हेडसेट घालून बघायची आभासी सफर (व्हीआर) तयार करताना माझा सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नाने खाल्ला: मुलाने हवा तोच प्राणी निवडायचा कसा? तुम्हीही असं काही करणार असाल तर आधी ही निवड करा, बाकीचं नंतर.

आभासी हात म्हणजे खऱ्या हाताबरोबर हलणारा, सफरीत दिसणारा हात; तो शिकवावाच लागत नाही. हात नेला, धरलं, झालं. सफरीतलं दगडी हत्यार उचलून फिरवून बघायला याला तोड नाही. पण हात पोचेल तेवढंच. १९९६ची 'गो-गो' पद्धत यावर उपाय काढते: खरा हात आपल्या लांबीच्या दोन-तृतीयांशापुढे गेला की आभासी हात झपाट्याने लांबतो. लांबचं मिळतं, पण तिथे नेमकेपणा जातो.

किरण म्हणजे हातात धरलेल्या कंट्रोलरमधून निघणारी सरळ रेषा. लांबच्या, सुट्या, मोठ्या वस्तूंना उत्तमच. दाटीत मात्र पंचाईत. मनगट एक अंश हललं की १० मीटरवर टोक १७ सेंटिमीटर सरकतं, आणि निवडीचं बटण (ट्रिगर) दाबताना हात हलतोच. सहावीतल्या एका मुलीने श्वास रोखून रेषा माशावर धरली, बोट दाबलं आणि शेजारचा प्राणी उजळला. "दादा, मी माशावरच धरलेलं!" तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर तिने हेडसेट काढून ठेवला. चूक तिची नव्हती, माझ्या निवडीची होती.

टॉर्चमध्ये रेषेऐवजी शंकू असतो, म्हणून हात थरथरला तरी चालतं. पण एकदम दहा प्राणी सापडतात. २०११च्या 'स्क्वॉड' पद्धतीत यापुढची पायरी आहे: सापडलेल्या वस्तू चार गटांत मांडायच्या, एक गट निवडायचा, तो पुन्हा चारांत वाटायचा. ६४ वस्तूंतून एक तीन निवडींत मिळते. वेळ जातो, पण चूक फार कमी. खटकतं ते एवढंच की प्राणी मूळ जागेवरून उठून यादीत येतो, आणि कातळशिल्पात जागेलाच तर अर्थ आहे. म्हणून निवड झाली की तो प्राणी हत्तीच्या अंगातच उजळवा.

नजरेने निवडायला डोळ्यांचा माग घेणारा हेडसेट लागतो. शाळेच्या बजेटात तो बसणं कठीण.

माझं मत: हत्यारांना हात, सुट्या शिल्पांना किरण, हत्तीच्या अंगातल्या प्राण्यांना टॉर्च आणि चार गट.