मांजराची नसबंदी कुठे करावी: खासगी दवाखाना, धर्मादाय रुग्णालय की पशुवैद्यकीय महाविद्यालय?

पाळलेल्या मांजराची नसबंदी करावी की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत पहिल्या माजाच्या दोन-तीन रात्रींतच सुटतो. ती कधी आणि कुठे करावी, यावर मात्र महिनोन्‌महिने खल चालतो. महाराष्ट्रातल्या शहरांत राहणाऱ्यांसमोर साधारणपणे तीन वाटा असतात: घराजवळचा खासगी दवाखाना, प्राणिकल्याण संस्थेचे धर्मादाय रुग्णालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय. या तिन्हींची तुलना लोक दरावरून सुरू करतात आणि बहुधा दरावरच संपवतात. माझ्या मते दर हा शेवटचा प्रश्न आहे. भूल कोण देणार, भुलेत असताना मांजराच्या श्वासावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर कोणाचे लक्ष असणार आणि ते नीट शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण थांबणार, हे आधी विचारायला हवे.

यामागे ठोस कारण आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात पाळीव प्राण्यांच्या भुलेविषयी एक मोठा अभ्यास झाला. त्यात निरोगी मांजरांमध्ये भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण सुमारे ०.११ टक्के, म्हणजे साधारण नऊशेत एक, इतके कमी आढळले. हा आकडा धीर देणारा आहे. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरे शस्त्रक्रिया संपल्यानंतर दगावली होती आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांतच. म्हणजे टेबलावरून उतरवून पिंजऱ्यात ठेवलेल्या मांजराकडे कोणी पाहत आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

वयाचा प्रश्न आधी

जागा निवडण्यापूर्वी वय ठरवावे लागते, कारण वयाप्रमाणे योग्य जागाही बदलते. मांजरी चौथ्या ते सहाव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर येऊ शकते. तिचा माज दिवसाच्या प्रकाशाशी बांधलेला असतो. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फारसा आखूड होत नसल्याने तो वर्षातल्या बहुतेक महिन्यांत येऊ शकतो आणि बोक्याशी संबंध न आल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पुन्हा येत राहतो. गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे ‘सहा-आठ महिने होऊ द्या, मग बघू’ असे म्हणणाऱ्या घरात अनेकदा आधी पिल्लेच जन्माला येतात. पाच महिन्यांच्या आत नसबंदी करावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका कार्यगटाने केली होती आणि २०१७ मध्ये तिथल्या पशुवैद्यकीय संघटनेने तिला पाठिंबा दिला.

दुसरे कारण कर्करोगाचे आहे. मांजरीच्या स्तनातील गाठी दहापैकी आठ-नऊ वेळा कर्करोगाच्याच निघतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासानुसार, सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी कमी होता; एक ते दोन वर्षांच्या दरम्यान तो फायदा ११ टक्क्यांवर घसरला आणि त्यानंतर काहीच उरला नाही. ‘एकदा तरी तिला आई होऊ द्या’ हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो हे मला मान्य आहे, पण तिच्या प्रकृतीला त्याचा कोणताही लाभ नाही, आणि जन्मलेल्या पिल्लांना घरे शोधण्याची जबाबदारी मात्र खरी असते.

मांजरी ऐन माजात असेल तर गर्भपिशवीकडचा रक्तपुरवठा वाढलेला असल्याने बरेच डॉक्टर माज ओसरेपर्यंत थांबायला सांगतात. पिल्लांना पाजणारी असेल तर पिल्ले तुटून दूध आटेपर्यंत तिला बोक्यापासून दूर, घरातच ठेवावे लागते.

खासगी दवाखाना

खासगी दवाखान्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे वेळेची खात्री. दिवस आणि तास ठरलेला असतो, मांजर ओळखीचे असते, त्याच्या लसींची नोंद त्याच डॉक्टरांकडे असते आणि संध्याकाळपर्यंत ते घरी येते. चार-पाच महिन्यांच्या पिल्लासाठी ही खात्री विशेष मोलाची असते, कारण पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवता येत नाही. मोठ्या मांजराचे खाणे काही तास आधी थांबवतात; लहान पिल्लाला तितकाच काळ उपाशी ठेवले तर रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून त्याच्यासाठी उपासाची वेळ डॉक्टरांना वेगळी विचारून घ्यावी. पाणी किती वेळ बंद ठेवायचे हेही विचारावे. बहुतेकदा ते रात्रभर बंद ठेवण्याची गरज नसते.

मात्र खासगी दवाखान्यांमध्येही फार तफावत असते. काही ठिकाणी झायलॅझिन आणि केटामिन या भुलेच्या औषधांचे एकच इंजेक्शन देऊन, नळी न घालता शस्त्रक्रिया उरकली जाते. काही ठिकाणी श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन हा वायू देतात, शिरेत सुई आधीच लावून ठेवतात आणि ऑक्सिजन व नाडी दाखवणारे यंत्र जोडतात. इंजेक्शनच्या भुलेखालीही दररोज असंख्य मांजरे सुखरूप बरी होतात, तेव्हा तिला सरसकट वाईट ठरवणे योग्य नाही. पण वायूची भूल क्षणोक्षणी कमी-जास्त करता येते, मांजर लवकर शुद्धीवर येते आणि श्वास अडला तर नळी आधीच जागेवर असते. दोन दवाखान्यांच्या दरांत फरक दिसला तर तो बहुधा इथेच असतो. म्हणून ‘किती घेता?’ असे विचारण्याऐवजी त्या रकमेत रक्ततपासणी, वायूची भूल, वेदनाशामक औषध, जखम चाटता येऊ नये म्हणून घालायचा गळ्यातला कोन आणि टाके काढण्याची भेट यांपैकी काय काय धरले आहे, हे विचारावे. दवाखान्याच्या भिंतीवर राज्य पशुवैद्यक परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आहे ना, हेही पाहून घ्यावे.

पर्शियन मांजर असेल, वय सात-आठ वर्षांच्या पुढे असेल किंवा हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ऐकू आली असेल, तर मी वायूची भूल आणि देखरेखीची यंत्रे नसलेल्या जागी ते मांजर नेणार नाही, मग ती जागा कितीही जवळची आणि डॉक्टर कितीही ओळखीचे असोत. चपट्या नाकाच्या मांजरांना शुद्धीवर येताना श्वासाचा त्रास होऊ शकतो, आणि पर्शियन व मेन कूनसारख्या जातींत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बाहेरून काहीही न दिसता असू शकतो. त्यासाठी शक्य असल्यास आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यावा.

धर्मादाय रुग्णालय

मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करत आले आहे, आणि इतर शहरांतही प्राणिकल्याण संस्था कमी खर्चात नसबंदी करून देतात. या रुग्णालयांविषयी ‘स्वस्त म्हणजे निष्काळजी’ असा जो समज पसरला आहे, तो अन्यायाचा आहे. जिथे नित्य अनेक मांजरांची नसबंदी होते, तिथल्या डॉक्टरांचा हात सरावलेला असतो, छेद लहान असतो आणि मांजर भुलेत कमी वेळ राहते. ही गोष्ट मांजराच्या हिताचीच आहे.

अडचण हाताची नसून गर्दीची असते. नंबर पहाटे लावला तरी पाळी दुपारी येऊ शकते आणि तोवर उपाशी पिल्लू तसेच बसून राहते. शेजारच्या पिंजऱ्यांत भुंकणारे कुत्रे असतात, आजारी मांजरे असतात, आणि मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर फरशीवर आणि पिंजऱ्यात महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ही वाट निवडताना लसींचा क्रम पूर्ण होऊन किमान दोन आठवडे उलटलेले असावेत. हा नियम इतर दोन ठिकाणीही पाळावा, पण इथे तो टाळूच नये. पिंजरा जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा बाकावर ठेवून त्यावर चादर टाकली, तर मांजराची भीती पुष्कळ कमी होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी. रस्त्यावरच्या मांजरांची नसबंदी झाली की ओळखीसाठी त्यांच्या कानाचे टोक कापण्याची पद्धत आहे. आपले मांजर घरातले असेल तर तसे अर्जावर लिहून घ्यावे आणि आत नेणाऱ्या कर्मचाऱ्यालाही सांगावे. मांजराला तिथे काही दिवस ठेवून घेणार की त्याच दिवशी परत देणार, हेही आधी विचारावे. घर असलेले मांजर घरीच लवकर सावरते, असे माझे ठाम मत आहे.

पशुवैद्यकीय महाविद्यालय

परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये आहेत. इथे एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि शल्यचिकित्सेचे प्राध्यापक एकाच आवारात मिळतात. गर्भपिशवीत पू झालेली, पोटातली पिल्ले दगावलेली मांजरी किंवा एक वृषण पोटातच राहिलेला बोका अशा अवघड प्रकरणी मी खासगी दवाखान्याआधी इथे चौकशी करीन. शस्त्रक्रियेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा हात असतो म्हणून लोक कचरतात, पण त्यांच्यामागे शिक्षक उभे असतात. खरी गैरसोय वेगळी आहे: कामकाजाच्या ठरलेल्या वेळा, सुट्ट्या, आणि तपासणीसाठी एक, शस्त्रक्रियेसाठी दुसरी अशा फेऱ्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचे काम प्रमुख असते, तेव्हा तिथे मांजराच्या भुलेचा सराव आहे का, हे मोकळेपणाने विचारावे. चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

बोका आणि भाटी (मांजरी) यांतला फरक

बोक्याची शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते, पोट उघडावे लागत नाही आणि बहुतेकदा टाकेही नसतात. निरोगी, लस झालेल्या तरुण बोक्यासाठी तिन्ही जागा मला सारख्याच मान्य आहेत आणि तिथे खर्च पाहून निर्णय घेण्यात काहीही गैर नाही. भाटीचे पोट उघडून अंडाशय, आणि आपल्याकडे बहुधा गर्भपिशवीही, काढली जाते; म्हणून तिच्यासाठी भुलेची सोय आणि पहिल्या रात्रीची देखरेख यांवर पैसा खर्चावा. छेद पोटाच्या मध्यावर घ्यायचा की कुशीत, हे डॉक्टरांच्या सरावावर सोडावे.

दोन पर्याय मी तुलनेतच धरत नाही. माज थांबवणारी हार्मोनची इंजेक्शने वापरल्याने गर्भपिशवीत पू होण्याचा आणि स्तनांत गाठी येण्याचा धोका वाढतो. घरी येऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर भाटीची शस्त्रक्रिया करून देणाऱ्यांकडे ऑक्सिजन नसतो.

घरी आणल्यानंतर

जागा कोणतीही असो, निघण्यापूर्वी वेदनाशामक औषध आणि त्याची मात्रा लिहून घ्यावी. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. अर्धी गोळीही जीवघेणी ठरू शकते. पहिली रात्र उबदार, बंद खोलीत, जमिनीवर अंथरूण घालून काढावी, कारण अर्धवट शुद्धीतले मांजर कपाटावर उडी मारू पाहते. टाके दहा-बारा दिवस सांभाळावे लागतात आणि तोवर गळ्यातला कोन दया येऊन काढू नये. बोक्याला नसबंदीनंतरही काही आठवडे पिल्ले होऊ शकतात, म्हणून घरात नसबंदी न झालेली भाटी असेल तर दोघांना किमान महिना-दीड महिना वेगळे ठेवावे. पुढच्या काळात शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने उतरते. वाटीतले खाणे त्याच महिन्यात मोजून कमी करावे.

हिरड्या पांढुरक्या दिसल्या, दुसऱ्या दिवशीही मांजराने अन्नाला तोंड लावले नाही, जखमेतून रक्त टपकत राहिले किंवा श्वास जोरात चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. म्हणून जागा नक्की करण्यापूर्वी एक प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारावा: रात्री अकरा वाजता असे काही झाले तर फोन कोण उचलेल आणि मांजर कुठे आणायचे? ज्या ठिकाणी याचे सरळ उत्तर आणि चालू नंबर मिळेल, तिथे थोडा जास्त खर्च आला तरी मी ती जागा निवडीन.