क्वीन्स पब्लिक लायब्ररी : घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईचा अनुभव

न्यूयॉर्कमध्ये मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं की जो तो वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा तयार खोका घ्यायला सांगतो. आम्ही घेतला नाही. आमची शाळा क्वीन्स पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर चालते आणि ती उत्तम चालते.

नऊ वर्षांच्या लेकीला ब्रुकलिन ब्रिजचं वेड लागलं. लायब्ररीत पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावलेली असतात. मुलांच्या विभागात पुलांच्या, म्हणजे ६२४ क्रमांकाच्या कप्प्यापासून सुरुवात झाली. १८८३ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचा पाया घालताना मजूर नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत काम करत आणि वर आल्यावर आजारी पडत. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंगही त्यातच अंथरुणाला खिळला. मग पुढची बरीच देखरेख त्याच्या बायकोने, एमिलीने केली. "पण आजारी का पडायचे?" या प्रश्नाने आम्ही हवेच्या दाबासाठी ५३३ कडे गेलो, रक्तासाठी ६१२ कडे. शिक्षण विभागाला द्यायच्या तिमाही अहवालात इतिहास, विज्ञान, आरोग्य हे तिन्ही विषय त्यातून भरले. पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास दाखवावे लागतात, त्यांची मला आता धास्ती वाटत नाही.

सगळ्यात मोठी सोय दंडाची. ५ ऑक्टोबर २०२१ ला शहरातल्या तिन्ही लायब्ररी-व्यवस्थांनी उशिराचा दंड बंद केला, जुने थकलेलेही माफ केले. घरी शिकणारं मूल ढीगभर पुस्तकं आणतं, बरीचशी चाळून टाकतं आणि एखाद्यालाच चिकटून बसतं. त्याला तसं करू देता येतं ते या निर्णयामुळे. हरवलेल्या पुस्तकाचे पैसे मात्र भरावेच लागतात.

म्हणून घरात शिस्त हवी. लायब्ररीची पुस्तकं दाराजवळच्या खालच्या फळीवर, इतर कुठेही नाही. पुस्तकं तीन आठवड्यांसाठी मिळतात. दर शुक्रवारी खात्यावरची यादी उघडून लेक एकेक नाव वाचते आणि धाकटा पुस्तकावर हात ठेवून "आहे!" म्हणतो. सापडलं नाही, तर आधी सोफ्याखाली बघायचं. दुसऱ्या कोणी होल्ड टाकलेल्या, म्हणजे आपल्यासाठी राखून मागितलेल्या पुस्तकाची मुदत वाढत नाही, ते आधी वाचून घ्यायचं. आपले होल्ड थोडे थोडे टाकावेत, नाहीतर सगळी पुस्तकं एकाच आठवड्यात येऊन पडतात. खुणेला कागदाची पट्टी. पेन्सिलसुद्धा लावायची नाही.

गणिताची सरावपुस्तकं विकतच घेतो, कारण त्यांत लिहायचं असतं. मराठी वाचनाची सोय आजी पुण्याहून करते.

क्वीन्समधल्या जमेका भागातल्या मध्यवर्ती शाखेतलं चिल्ड्रन्स लायब्ररी डिस्कव्हरी सेंटर एकदा तरी बघाच. तिथे पुस्तकांच्या मधोमध हाताळून बघायचे विज्ञानाचे प्रयोग मांडलेले आहेत. मोठ्यांच्या कार्डावर 'कल्चर पास'मधून संग्रहालयांचे मोफत पासही मिळतात.

नव्याने सुरू करत असाल तर शिक्षण विभागाला इरादापत्र, म्हणजे घरी शिकवणार असल्याचं पत्र, १ जुलैपर्यंत द्यायचं असतं. कार्डं जूनमध्येच काढून ठेवा, आईबाबांची आणि प्रत्येक मुलाचं वेगळं.