२००९ ची स्विफ्ट: पुढचं सस्पेन्शन नवं करून आठ महिने झाले

लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा, बुश (सांध्यातलं रबर) पाचव्या महिन्यात फाटला. आर्म नवाकोरा, त्यावर गाडी जेमतेम ६,२०० किलोमीटर चाललेली. दुकानदार म्हणाला, माल ओरिजिनल आहे. गॅरेजवाल्याने नाशिकच्या खड्ड्यांकडे बोट दाखवलं. खड्डे आहेतच आणि मालही ठीक होता. पण बुश मेला तो बोल्ट चुकीच्या वेळी आवळल्यामुळे, आणि याच कारणाने कितीतरी गाड्यांचे बुश दर वर्षी नाहक बदलले जातात.

काम एप्रिलमध्ये झालं तेव्हा मीटरवर १,१८,००० होते. आधीचे साधे तेलाचे शॉकअप काढून गॅसचे दोन बसवले. वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट कव्हर, बॉल जॉइंटसकट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) दोन्ही लोअर आर्म, वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे दोन बुश आणि त्या बारला जोडणारे दोन्ही लिंक रॉड, हे सगळं नवं. स्प्रिंगा मात्र जुन्याच ठेवल्या. सुट्या करून शेजारी उभ्या केल्या तर उंची सारखी भरली, कुठे तडा नव्हता, मग पैसे घालवायचं कारण नाही. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसवायचे रबरी बफर गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, ते घेऊ नका. गाडी उंच वाटते खरी, पण त्या वेटोळ्याचं काम थांबतं, स्प्रिंग कडक होते आणि हादरा माउंटिंगवर जातो. सुट्या भागांचे १२,४००, मजुरी ३,०००, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) वेगळं.

पहिले दोन आठवडे गॅसच्या शॉकअपबद्दल मत वाईटच होतं. सिडकोतल्या गल्लीबोळांत, कमी वेगात, प्रत्येक बारीक खाच सीटपर्यंत पोचायची. जुने तेलाचे बरे होते असं वाटायला लागलं. जुलैच्या पावसात त्र्यंबक रोडने गाडी रोज जायला लागली आणि मत फिरलं. सलग खड्ड्यांत साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि दाब धरला जात नाही. गॅसमध्ये नायट्रोजनचा दाब तेलावर असल्याने फेस कमी होतो. दहाव्या खड्ड्यालाही गाडी पहिल्यासारखीच सावरते. कसारा घाट उतरताना वळणावर पुढचा भाग जो डुलायचा, ते बंद झालं. गल्लीतला कडकपणा आजही आहे, पण त्याची आता तक्रार नाही.

सप्टेंबरमध्ये ब्रेक मारला की डाव्या बाजूने ‘ठक’ आणि स्टीअरिंग किंचित डावीकडे. पहिला संशय लिंक रॉडवर गेला. तो तपासायची सोपी खूण आहे. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून गेली तर बार पिळला जात नाही, म्हणून लिंक रॉड गप्प राहतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की वाजतो. इथे दोन्हीकडे शांतता, आवाज फक्त ब्रेकला. म्हणजे आर्म मागे-पुढे सरकतोय. आर्म काढून उजेडात धरला तर मधल्या लोखंडी स्लीव्हच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी फट, नख आत जाईल एवढी, आणि कडेला गंजाची तांबूस पूड.

आता कारण. या बुशचं रबर आतल्या स्लीव्हला आणि बाहेरच्या कड्याला, दोन्हीकडे चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा स्लीव्ह फिरत नाही, रबर पिळतं. गाडी दोन खांबी लिफ्टवर असते तेव्हा चाक लटकतं आणि आर्म पार खाली गेलेला असतो. त्याच स्थितीत आडवा बोल्ट गच्च आवळला की ती लटकलेली जागाच रबराची ‘सरळ’ जागा ठरते. गाडी खाली घेतली की उभ्या गाडीतही रबर पिळलेलंच, त्यावर खड्ड्याचा पीळ वेगळा. बरेच दिवस टिकणारा बुश मग काही महिन्यांत फाटतो.

योग्य पद्धतीला दहा मिनिटं जास्त लागतात. काम सुरू करण्याआधी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. जोडणीच्या वेळी आर्मचे बोल्ट नुसते हाताने लागतील एवढेच फिरवा. सगळं बसलं की बॉल जॉइंटखाली जॅक लावून, मध्ये लाकूड ठेवून, हब (चाकाचा मधला भाग) तेच अंतर येईपर्यंत उचला आणि मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळा. गाडी स्टँडवरून सुटतेय का यावर लक्ष हवं. पिट (गाडीखाली उतरायचा खड्डा) असेल तर आणखी सोपं, गाडी चाकांवर उभी करून खालून आवळायचं. हवेवर चालणाऱ्या न्यूमॅटिक गनचा मोह इथे नको.

दुसऱ्या वेळी पूर्ण आर्म घेतला नाही. बॉल जॉइंट घट्ट होता, त्यामुळे फक्त बुश ३५० ला आणला आणि हायड्रॉलिक प्रेसवर ३०० देऊन बसवला. जुना काढण्याआधी त्याची दिशा आर्मवर खुणेने कोरून घ्या, आणि हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडे देऊ नका. उजवा बुश अजून फाटला नव्हता, पण बोल्ट सैल करून योग्य उंचीवर पुन्हा आवळला. सैल करताना स्लीव्ह ‘टक्’ करून जागेवर फिरली, इतका पीळ त्यात साठला होता.

बाकीचं थोडक्यात. शॉकअप नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) धरणारे दोन बोल्ट सुटतात तेव्हा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, थोडा हलतो, म्हणून आवळताना दोन्ही बाजूंना नकल एकाच दिशेला दाबून धरायला सांगा. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लटकू देऊ नका, तारेने बांधा. नकल बाहेर ओढताना ड्राइव्ह शाफ्ट ताणू नका, आतला जॉइंट निसटतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय वरचा नट सोडायचा नाही, यात कुणाचंही ऐकू नका.

बुश बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा केलं आणि त्यानंतर ३,१०० किलोमीटर झाले. आवाज नाही, ब्रेकला गाडी सरळ थांबते, डाव्या टायरची आतली कड घासायची थांबली. उजव्या लिंक रॉडच्या रबरी बुटावर ग्रीस पाझरलेलं दिसतंय. सांध्यात ढिलेपणा अजून नाही, त्यामुळे तो इतक्यात बदलणार नाही.