‘टेस्टेड’ मेमरी चिप्स घेताना मी कसा फसलो

माझ्याकडे ८०८८ प्रोसेसरचा एक जुना एक्सटी क्लोन (आयबीएमच्या पीसी/एक्सटी संगणकाची नक्कल) मदरबोर्ड आहे. मेमरी मोजता मोजता तो मध्येच ‘पॅरिटी एरर’ (मेमरीतला डेटा पडताळणीच्या बिटशी जुळत नाही) दाखवून ठप्प व्हायचा. दोष दुसऱ्या बँकेत होता, म्हणजे ४१२५६ जातीच्या (प्रत्येकी २५६ किलोबिटच्या) नऊ चिप्सच्या रांगेत. आठ डेटाच्या, नववी पॅरिटीची. पाय घासले, सॉकेटं साफ केली, फरक शून्य. खरं तर एखादीच चिप गेलेली असणार आणि जागा अदलाबदल करून ती सापडलीही असती. पण आळस केला आणि ऑनलाइन एका विक्रेत्याकडून नऊच्या नऊ मागवल्या. ‘न वापरलेला जुना स्टॉक, टेस्टेड.’ पुरावा म्हणून फोटो: स्क्रीनवर ६४० केबी ओके.

पाकीट दीड महिना तसंच पडून राहिलं. परतीची मुदत त्यातच संपली.

चिप्स इतक्या देखण्या होत्या की तिथेच शंका यायला हवी होती. इतक्या जुन्या चिपचे पाय असे चकचकीत? नवांवरही तारीख एकच, ८७३१, म्हणजे १९८७चा ३१वा आठवडा. बसवल्या, मेमरी ६४०पर्यंत मोजली गेली, डॉस (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) आला. मी खूश.

मग लक्षात आलं की छोटे प्रोग्राम चालतात, मोठा उघडला की मशीन गोठतं. कधी स्क्रीनभर अक्षरांचा कचरा. आणि पॅरिटी एरर एकदाही नाही! त्यामुळे आठवडाभर मी मेमरी सोडून पॉवर सप्लाय, कंट्रोलर कार्ड, फ्लॉपी अशा सगळ्यांवर संशय घेत बसलो. जुनी बिघडलेली चिप निदान ओरडत तरी होती.

शेवटी डॉसमधलं डीबग उघडलं, मेमरीत थेट लिहायचं-वाचायचं साधन. दुसऱ्या बँकेच्या सुरुवातीला, ४०००:०००० या पत्त्यावर ५५ लिहिलं. ६४ के पुढचं ५०००:०००० पाहिलं, तिथेही ५५. ६०००ला तेच, ७०००ला तेच. एए लिहिलं, तर चारही ठिकाणी एए. २५६ केच्या बँकेत खरी मेमरी ६४ केच होती, तीच चार वेळा दिसत होती. थोडक्यात, ६४ किलोबिटच्या ४१६४ चिप्सवर ४१२५६ छापून दिल्या होत्या. दोन्हींना सोळाच पाय, सॉकेट तेच. ४१२५६च्या पहिल्या पायावर नववी ॲड्रेस लाइन (मेमरीतली जागा निवडणारी तार) येते, ४१६४ला ती नसतेच. बायोस (मशीन सुरू होताना मेमरी तपासणारा प्रोग्राम) एकेक तुकडा लिहून, वाचून पुढे सरकतो, म्हणून त्याला काही कळलं नाही. आणि नऊही चिप्स एकसुरात खोटं बोलत असल्यामुळे पॅरिटी बरोबर जुळत होती. विक्रेत्याचा फोटो बहुधा खराच असेल.

दोन चिप्सवर ॲसिटोनचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला आणि खाली सँडपेपरचे आडवे ओरखडे दिसले. नुसती पांढरी छपाई गेली तर बोंब मारू नका, अस्सल चिपची शाईही कधी कधी ॲसिटोनने पुसली जाते. काळा रंग सुटला तर मात्र समजून जा. उरलेल्या सात उलट्या करून पाहिल्या. वरून जुळी भावंडं, खाली साच्याच्या खुणा तीन तऱ्हांच्या. हे तर पाकीट फोडल्याफोडल्या दिसलं असतं.

विक्रेत्याचं उत्तर आलं, “तुम्ही केमिकल लावलंत, आता माल परत घेता येणार नाही.” दोन दिवसांनी नवं कारण: स्टॅटिकने (स्थिर विजेने) उडाल्या असतील. स्टॅटिकने उडालेली चिप २५६ केची बरोबर ६४ के होत नाही, हे त्याला कळवलं. त्यावर आजतागायत शांतता. म्हणून पुसायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, डीबगची ही चाचणी व्हिडिओत घ्या, आणि हे सगळं मुदतीच्या आत.

जुन्या चिप्स परत बसवून एकेक जागा बदलत गेलो, तेव्हा सहावी सदोष निघाली. एका मेलेल्या कार्डावरून एक काढून लावली आणि काम झालं. त्या नऊ फसव्या चिप्स गंमत म्हणून शेवटच्या ६४ केच्या बँकेत लावून पाहिल्या. तिथे ठणठणीत चालतात.