युरिक ॲसिडसाठी बेहडा घ्यावा की ॲलोप्युरिनॉल?

रिपोर्टमध्ये 8 चा आकडा दिसला की मनात दोन पर्याय येतात: डॉक्टरांची गोळी (बहुधा ॲलोप्युरिनॉल) किंवा एखादी औषधी वनस्पती. त्याआधी तिसरा पर्याय पाहा. सांधा एकदाही सुजलेला नसेल, मुतखडा नसेल आणि किडनी ठीक असेल, तर बहुतेकांना औषधाची गरजच नसते.

गरज असेल तर मात्र तुलना नीट करायला हवी. वनस्पतींपैकी बेहडा निवडला, कारण त्याची माणसांवर रीतसर चाचणी झाली आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये युरिक ॲसिड वाढलेल्या 110 जणांचे पाच गट करून 24 आठवडे ती चालली. बेहड्याचा प्रमाणित अर्क (एका गटाला 250 आणि एका गटाला 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा), हिरडा, निष्क्रिय गोळी आणि फेब्युक्सोस्टॅट हे युरिक ॲसिड कमी करणारं औषध अशी ही तुलना होती. बेहड्याने युरिक ॲसिड खरोखर उतरलं, फेब्युक्सोस्टॅटने त्याहून जास्त. हा निकाल मला आशादायक वाटतो. पण एका गटात जेमतेम वीसेक माणसं असतील, तर हजारात एखाद्याला होणारा अपाय त्यात दिसणार कसा? शिवाय चाचणी झाली ती अर्काची. घरी कुटलेल्या चूर्णाला तो निकाल लावता येत नाही.

वनस्पतीच्या डब्यावर ‘सुरक्षितता तपासलेली’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा बऱ्याचदा त्यामागे उंदरांवरची चाचणी असते. किलोमागे 2000 मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन 14 दिवस निरीक्षण करतात. प्राणी जगले, तर तीव्र विषबाधा नाही एवढंच कळतं; महिनोन्‌महिने घेतल्यावर यकृत आणि किडनीचं काय होईल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी निदान 90 दिवसांची चाचणी लागते. युरिक ॲसिडच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उंदरांकडे युरिकेज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिक ॲसिड पुढे मोडून टाकतं. माणसाकडे ते नाही. म्हणून प्रयोगात आधी पोटॅशियम ऑक्सोनेट देऊन ते एन्झाइम बंद पाडतात आणि मग वनस्पतीचा गुण मोजतात. असा गुण माणसात तेवढाच उतरेल असं धरून चालू नये.

ॲलोप्युरिनॉल 1966 पासून वापरात आहे, त्यामुळे त्याचे दोषही नोंदलेले आहेत. सर्वांत गंभीर म्हणजे त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया. ती विरळ असते आणि बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते. एचएलए-बी 58:01 हे जनुक असलेल्यांना धोका जास्त, आणि ते रक्त तपासून आधी कळू शकतं. सुरुवात 100 मिलिग्रॅमने, किडनी कमजोर असेल तर त्याहून कमी. मग रक्तातला आकडा 6 च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ उठलं, तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठायचं. मला या औषधाचा भरवसा वाटतो तो यामुळेच: काय बिघडू शकतं आणि ते कधी बघायचं, दोन्ही ठाऊक आहे.

‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ हे मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याच्या, झटक्यात देतात ते कोल्चिसीन वनस्पतीतूनच येतं आणि जास्त झालं तर जीव घेतं. बेहडाही प्रयोगशाळेत झँथिन ऑक्सिडेज या युरिक ॲसिड बनवणाऱ्या एन्झाइमला अडवताना दिसला आहे, आणि ॲलोप्युरिनॉल नेमकं तेच एन्झाइम रोखतं. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषधही शरीरात याच एन्झाइमने मोडलं जातं. त्यामुळे ते घेणाऱ्यांनी ॲलोप्युरिनॉलइतकीच सावधगिरी बेहड्याबाबतही बाळगावी.

वारंवार झटके येत असतील, सांध्यांवर गाठी असतील किंवा किडनीचा आजार असेल, तर ॲलोप्युरिनॉलच घ्या. त्रास सौम्य असेल आणि बेहडाच घ्यायचा असेल, तर डॉक्टरांना सांगून प्रमाणित अर्क घ्या, शिसं, आर्सेनिक, पारा यांचा तपासणी अहवाल मागा आणि यकृत-किडनीच्या चाचण्या आधी व नंतर करा. आकडा 6 च्या वरच राहिला, तर बेहड्यावर आणखी महिने घालवू नका.