एन-५२ म्हणून लोखंडी टिकल्या, ५,८१४ रुपयांना

वॉरहॅमर या छोट्या मॉडेलांच्या खेळात ड्रेडनॉट नावाचं युद्धयंत्र असतं. त्याच्या एका किटमध्ये तोफ असते, पंजा असतो, आणि खांदा तेवढा एकच. फेव्हिक्विकनं एक हात चिकटवला की बाकीचे कायमचे डब्यात. म्हणून आपण खांद्यात आणि हातात बारीक भोकं पाडून निओडिमियमच्या, म्हणजे जोरदार मॅग्नेटच्या, टिकल्या बसवतो. एन-५२ हा त्यातलाच एक जोरदार ग्रेड. वॉरहॅमरवाल्यांना हे नवीन नाही. ज्याच्याकडून टिकल्या घेतल्या त्याच्याबद्दल सांगायचंय.

आमच्या खेळणाऱ्या सगळ्या मित्रांसाठी एकदम माल मागवला. ३ बाय १ मिमीच्या ५००, सहा रुपयांनी ३,०००. ५ बाय २ च्या २००, नऊ रुपयांनी १,८००. कुरिअर १५०. वर जीएसटीचे म्हणून ८६४. सगळे यूपीआयवर, आणि स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हे, भलत्याच कुणाचं. बिल आजतागायत नाही. जीएसटी मागून घेतो आणि बिल देत नाही, असा माणूस दिसला की तिथंच थांबा.

‘आधी सॅम्पल का नाही मागवलं?’ मागवलं होतं! सॅम्पल अस्सल होतं. फसवणारा सॅम्पलमध्ये फसवत नाही.

माल आला तो कांडीसारखा एकमेकांना चिकटलेला, चकाचक. दर आठ-दहा टिकल्यांत एक खरा मॅग्नेट, बाकी निकेल प्लेटिंग केलेलं साधं लोखंड. मॅग्नेटला चिकटून असेपर्यंत लोखंडही मॅग्नेटसारखंच वागतं, त्यामुळं कांडी घट्ट. उद्यमनगरात लेथच्या आवाजात वाढलेल्या माणसाला लोखंड विकलं राव, टिकलीला सहा रुपयांनी!

कळायला हवं होतं ते मार्करनं ठिपके देताना. ध्रुव चुकीचा बसला तर हात खांद्याला चिकटत नाही, उलट ढकलला जातो, म्हणून मी प्रत्येक टिकलीला खूण करतो. त्या रात्री टिकली सुलटी धरली, चिकटली. उलटी धरली, तरी चिकटली. विकणारा फोनवर म्हणालाच होता, “दादा, आपल्या मालाला उलट-सुलटची झंझट नाही, कसंबी लावा.” आणि मला बरं वाटलं! सातवीच्या पोरानंसुद्धा तिथं हात आखडला असता. पण पहिलं मॉडेल टिकलं होतं, कारण एका बाजूला खरा मॅग्नेट आणि दुसरीकडं लोखंड आलं तरी हात धरतो, जरा कमी जोरानं. मग शंका कशी येणार? ज्या मॉडेलांत दोन्हीकडं लोखंड गेलं, त्यांचे हात टेबलावर पडायला लागले. टिकली उचकटताना मित्राच्या ड्रेडनॉटचा खांदा फुटला. त्याचं किट मीच भरून देतोय, तो हिशेब वेगळा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “पोराचं खेळणं हाय काय?” मी चाळिशीचा. मग म्हणे सायबरकडं जावा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय न्हवं, मग फ्रॉड कसला, ग्राहक मंचात जावा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. वर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन का नाही केला म्हणून मलाच झापलं. अहो, हात गळून पडल्याशिवाय कळणार कसं? टेबलावर टिकल्या मांडून दाखवायला लागलो तर साहेब ओरडले, “ते उचला, कॉम्प्युटरजवळ मॅग्नेट नको!” मॅग्नेट नाहीत हीच तर तक्रार आहे! आणि एकानंही सांगितलं नाही की ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे ओळखीच्या वकिलानं चहा पिता पिता सांगितलं. पगार घेणाऱ्यांना माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

पाकीट फोडताना व्हिडिओ काढा. कांडीतल्या दोन टिकल्या लांब नेऊन एक उलटवा. एकाही बाजूनं ढकललं नाही तर मॅग्नेटची जोडी नाही. फेव्हिक्विकला त्याआधी हात लावू नका.

मला त्यानं ब्लॉक केलंय. मित्राच्या फोनवर बघितलं तर त्याच नंबरला आता नवीन दुकानाचं नाव आहे. मालाचा व्हिडिओ मात्र जुनाच, पान्याला लोंबकळणारी टिकल्यांची कांडी.