डोपफर ए-१५५: नॉबांपेक्षा खटके मोलाचे

ए-१५५ हा डोपफरच्या मॉड्युलर सिंथेसायझरमधला सिक्वेन्सर, म्हणजे ठरवलेल्या स्टेप (पायऱ्या) एकामागून एक वाजवणारं मॉड्यूल. तो समोर आला की नजर आधी जाते ती सोळा नॉबांकडे. आठ स्टेप, सुराची उंची ठरवणाऱ्या व्होल्टेजच्या दोन ओळी, बाखसारखी सुरावट फिरवायची तर यावरच, असं वाटतं. खरं सांगायचं तर नॉब हा या मॉड्यूलचा त्रासदायक भाग आहे. क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या सुरावर नेमकं बसवणारा भाग) आत नाही, त्यामुळे सूर कानानेच लावायचा, आणि शेजारच्या नॉबला बोट लागलं की पुन्हा पहिल्यापासून. सुरावटीसाठी घेत असाल तर ए-१५६ क्वांटायझरचा खर्च सोबत धराच. या मॉड्यूलचा जीव आहे तो खटक्यांच्या दोन ओळींत.

प्रत्येक स्टेपला दोन खटके, आणि प्रत्येक खटक्याच्या तीन जागा. त्यांतून ट्रिगर (आवाज सुरू करणारा छोटा विद्युत ठोका) किंवा गेट (स्वर टिकवून धरणारा संकेत) बाहेर पडतो. वरचा खटका ट्रिगर १, मध्ये बंद, किंवा ट्रिगर २. खालचा ट्रिगर ३, बंद, किंवा गेट. इथेच पहिली मर्यादा कळते: एकाच स्टेपवर ट्रिगर १ आणि २ दोन्ही मिळत नाहीत. किक ड्रम १ वर आणि स्नेअर ड्रम २ वर लावला तर दोन्ही एकत्र कधीच वाजणार नाहीत. म्हणून हायहॅटसारखं जे किकबरोबर पडायला हवं, ते ट्रिगर ३ वर न्या.

आता गेट आणि ट्रिगर यांतला फरक. तीनही ट्रिगर क्लॉकइतकेच (स्टेप पुढे सरकवणाऱ्या ठोक्याइतकेच) लांब असतात: क्लॉक वर तोवर ट्रिगर वर. गेटचं तसं नाही. लागोपाठच्या तीन स्टेपांवर गेट लावलं तर मध्ये ते खाली येतच नाही, तिन्ही स्टेप मिळून एकच लांब गेट बाहेर पडतं. नव्या माणसाला हे बिघाड वाटतं. ‘तीन स्टेप चालू केल्या, एन्व्हलप एकदाच उठला’ ही तक्रार यातूनच येते (एन्व्हलप म्हणजे आवाजाचा चढउतार ठरवणारं मॉड्यूल). सुरावर सूर जोडायचा असेल तेव्हा मात्र हेच हवं असतं: तीन स्वर, पण आघात एकच, मींडेसारखा. मध्येच एखाद्या स्वरावर ठोका हवा असेल तर गेट ए-१४० या एन्व्हलपच्या गेट इनपुटला द्या, आणि त्या स्टेपवर ट्रिगर १ लावून तो त्याच ए-१४० च्या रीट्रिग इनपुटला. गेट तुटत नाही, आघात मात्र पुन्हा होतो. प्रत्येक स्टेप सुटी हवी असेल तर ए-१६६ या लॉजिक मॉड्यूलमध्ये गेट आणि क्लॉक यांचा ‘अँड’ घ्या, म्हणजे दोन्ही वर असतील तेव्हाच संकेत वर.

ट्रिगरची लांबी क्लॉकवर अवलंबून, म्हणून क्लॉक कुठून घेता याला महत्त्व आहे. आत क्लॉक नाही, बाहेरून स्टेप इनपुटला द्यावाच लागतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) सोळाव्या नोटची, म्हणजे पाव ठोक्याची, एक स्टेप १२५ मिलिसेकंदांची. ए-१४५ या एलएफओची (संथ लहरी देणाऱ्या मॉड्यूलची) चौकोनी लहर अर्धी वर, अर्धी खाली, म्हणजे ट्रिगर सुमारे ६२ मिलिसेकंदांचा. ए-१४६ हा दुसरा एलएफओ वापरला तर रेशोच्या नॉबने तो १० टक्क्यांवर आणता येतो, म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद. ड्रम मॉड्यूलला तेवढा पुष्कळ. पण त्याच ट्रिगरवर ५० मिलिसेकंद अटॅकचा (वर चढायला तेवढा वेळ घेणारा) एन्व्हलप चालवाल तर तो अर्ध्या वाटेतच खाली येतो आणि आवाज दबलेला लागतो. असं झालं की लोक व्हीसीएला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलला) दोष देतात. आधी क्लॉकची रुंदी बघा.

आठ स्टेप म्हणजे केरवा घरचाच. दादऱ्यासाठी सहा हव्यात, तर सातव्या स्टेपवर ट्रिगर ३ लावा आणि त्याची केबल रीसेट इनपुटला द्या. सातवी येते न येते तोच पहिली सुरू होते. रूपकासाठी हेच आठव्या स्टेपवर. पण ती जादा स्टेप क्षणभर का होईना, येऊन जाते. तेवढ्यात तिथला वरचा खटका चालू असेल तर ड्रमवर बारीक ‘टिक’ ऐकू येतो, आणि तिचा नॉब वेगळ्या जागी असेल तर सूर किंचित उसळतो. म्हणून सातव्याचा वरचा खटका बंद आणि नॉब पहिल्याशी जुळवलेला. आणखी एक गोम: खालचा खटका ट्रिगर ३ कडे गेला म्हणजे त्या स्टेपवर गेट नाही. सहाव्या स्टेपवरून पहिल्यावर लांब गेट न्यायचं असेल तर तिथे निसटती फट पडते, आणि चपळ एन्व्हलप ती पकडतो.

बाहेरून रीसेट देताना वेगळाच घोळ होतो. रीसेट आणि क्लॉक एकाच क्षणी आले तर कधी पहिली स्टेप वाजते, कधी थेट दुसरी. क्लॉक ए-१६२ या ट्रिगर उशिरा सोडणाऱ्या मॉड्यूलमधून एक-दोन मिलिसेकंद उशिरा सोडा, रीसेट आधी पोचतो आणि सम जागेवर येते. ए-१६२ वर लांबीचाही नॉब असल्याने ट्रिगरची रुंदीही त्यातच सुधारून घेता येते.

दोन ट्रिगर एकाच ड्रमला द्यायचे म्हणून केबली एकमेकींत खोचू नका. एक आउटपुट वर आणि दुसरं खाली असलं की दोघांची ओढाताण होते आणि ड्रम एकालाही नीट दाद देत नाही. ए-१८६-१ हे ट्रिगर एकत्र करणारं मॉड्यूल त्याच कामासाठी आहे.

स्टेप उलट्या, ये-जा करत किंवा कशाही फिरवायच्या असतील तर ए-१५४ हा कंट्रोलर लागतो. त्याला दोन ए-१५५ जोडता येतात, म्हणजे तीनतालाच्या सोळा मात्रा पुऱ्या. मात्र एक ए-१५५ ५० एचपीचा (एचपी हे मॉड्यूलच्या रुंदीचं माप), म्हणजे जवळजवळ २५ सेंटिमीटर. ८४ एचपीच्या एका ओळीत दोन मावत नाहीत. ते खालीवर दोन ओळींत लावावे लागतात, आणि मागची रिबन केबल दोन्हींपर्यंत पोचते का, हे स्क्रू आवळण्याआधी बघून घ्या.